‘दो मिनट, सर’ : फॅमिली रेस्टॉरंटात जेवण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम

हा अभ्यासक्रम रविवारी रात्री सहकुटुंब बाहेर जेवायला निघालेल्या नवख्या मंडळींसाठी आहे. पंचतारांकितवाल्यांनी पान उलटावं. त्यांच्याकडे खुर्ची मागे ओढायलाही माणूस असतो. खानावळीत जेवणाऱ्यांनाही याचा उपयोग नाही, कारण तिथे वाटीतली आमटी संपायच्या आत वाढपी दुसरी ओतून पुढे गेलेला असतो. आपला विषय या दोहोंच्या मधला. दारावर ‘प्युअर व्हेज, फॅमिली रेस्टॉरंट, एसी हॉल’ अशी पाटी, बाहेर वेटिंगवाल्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आत माशांची टाकी आणि चौदा पानी मेनूकार्ड. पुण्याच्या कुठल्याही उपनगरात रस्ता थोडा रुंद झाला की कडेला हे उगवतं. मी या विषयाचा पंचवीस वर्षं जुना विद्यार्थी आहे. कधी नापास झालो नाही, पण पहिल्या वर्गातही आलो नाही.

पूर्वतयारी एकच. घरून अर्धी पोळी खाऊन निघा.

प्रवेश

दारात एक माणूस वही घेऊन उभा असतो. त्याला नाव आणि डोकी सांगायची. नाव सुटसुटीत असावं. तुम्ही सहस्रबुद्धे असाल तर त्या रात्रीपुरते पाटील व्हा. मात्र ‘पाटील, चार’ असा पुकारा झाला की तीन कुटुंबं एकदम उठतात, हेही ध्यानात ठेवा. ‘किती वेळ लागेल?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे : ‘दहा मिनट.’ साडेआठला गेलात तरी दहा, साडेनऊला गेलात तरी दहा.

वहीवर भरवसा ठेवून बाहेर बसून राहणारा नवखा समजावा. मुरलेला माणूस ‘जरा हात धुऊन येतो’ म्हणत आत शिरतो आणि उठू घातलेलं टेबल हेरून त्याच्याजवळ उभा राहतो. जेवणाऱ्याच्या पानात आपण पाहत नाही आहोत असं दाखवत त्याच्या पानात किती उरलंय ते पाहणं, ही कला सरावाने येते. त्यांनी फिंगर बाऊल मागवला की पाठीमागे या. बडीशेप आली की मुलांना हाक मारा. आणि त्यांच्यातल्या एखाद्या आजोबांनी ‘आइस्क्रीम कुठलं कुठलं आहे?’ असं विचारलं, तर मुकाट्याने दुसरं टेबल बघा.

दर्शन

बसलात. आता तुम्ही दिसेनासे झालात.

इथे थोडी शास्त्रीय माहिती आवश्यक आहे. नवख्याला समोरून जाणारा प्रत्येक जण वेटर वाटतो. प्रत्यक्षात तिथे तीन जाती असतात. काळी पँट, खिशाला पेन आणि हातात पॅड, तो कॅप्टन. तो फक्त ऑर्डर घेतो. ताटं घेऊन येतो तो वेटर. पाण्याचा जग आणि फडका ज्याच्याकडे, तो पोरगा. कॅप्टनला पाणी मागितलं तर तो मान डोलावतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे बघून ‘ए, नौ पे पानी’ म्हणतो. त्या टोकाला त्या क्षणी कोणी नसतं. फडकेवाल्या पोराला रोटी सांगितली तर तोही ‘हां’ म्हणतो. त्याच्या ‘हां’चा अर्थ ‘तुम्ही काहीतरी म्हणालात हे मला कळलं’ एवढाच. आपण आयुष्यभर चुकीच्या माणसाला चुकीची गोष्ट मागत असतो, आणि ती मिळाली नाही की सेवा वाईट म्हणतो. अर्थात योग्य माणसाला योग्य गोष्ट मागूनही मी पाहिलं आहे. फरक पडत नाही.

वेटरची नजर तुमच्या डोक्यावरून बरोबर वीतभर वरून जाते. ती भिंतीवरच्या टीव्हीवर, दारावर, माशांच्या टाकीवर, शेजारच्या टेबलावरच्या तुपाच्या वाटीवर, सगळीकडे टेकते. तुमच्यावर टेकत नाही. त्याची चालही बघण्यासारखी. हातात ताटं असली तर तो वेगात चालतो, रिकाम्या हाताने त्याहून वेगात. रमतगमत चाललेला वेटर रविवारी रात्री मी पाहिलेला नाही. रमला की कोणीतरी हाक मारील, हे त्याला ठाऊक असतं.

हाक काय मारावी, यावर घराघरांत मतभेद आहेत. ‘वेटर’ म्हणणं आता उर्मट वाटतं. ‘भाऊ’ म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ वळून बघतो. ‘एक्सक्यूज मी’ला आमच्या मुलीखेरीज कोणी उत्तर दिल्याचं आठवत नाही. ‘शुक शुक’ करू नये. ते मांजरासाठी आहे, आणि मांजरही येत नाही. उरला हात. पण अर्धा वर केलेला हात कोणी पाहिला नाही की तो खाली कसा आणायचा, हा प्रश्न पडतो. मग तोच केसांवरून फिरवावा लागतो. मला टक्कल पडून आता बारा वर्षं झाली, तरी ती सवय गेलेली नाही.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिची पद्धत वेगळी. ती जाणाऱ्या पोराचा शर्टच धरते. ‘बाळ, गाव कुठलं रे तुझं?’ बाळ थबकतो. त्या हॉलमध्ये महिनाभरात त्याला कोणी असा प्रश्न विचारलेला नसतो. ‘ओडिशा, माताजी.’ ‘जेवलास का?’ तो हसतो. रात्री साडेनऊला वेटरला ‘जेवलास का’ विचारणं म्हणजे ड्रायव्हरला घाटात ‘झोपलास का’ विचारण्यासारखं आहे, पण आईला कोमट पाणी मिळतं. आम्हाला मिळत नाही. आम्ही ओडिशापर्यंत पोचत नाही.

पाणी

‘साधा या बिसलेरी?’ हा या परीक्षेतला पहिला तोंडी प्रश्न. ‘साधं’ म्हणालात की तुमची पत ठरली. ‘बिसलेरी’ म्हणालात तर बाटली येते, दुसऱ्याच कुठल्या कंपनीची, पण येते, आणि झाकण तुमच्यासमोर फोडलं जातं. त्या संध्याकाळी कोणी तुमच्यासाठी काही समारंभाने केलं असेल तर ते एवढंच. बाटलीवरच्या छापील किमतीवरून भांडायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्यांच्या बाजूने निकाल दिला की हॉटेलात बसून प्यायच्या पाण्याला छापील किमतीहून जास्त पैसे घेता येतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, सोबत सेवाही असते. हा निकाल ज्यांनी दिला त्यांना पाणी लगेच मिळालं असणार.

ऑर्डर

मेनूकार्डात अडीचशे पदार्थ असतात. घाबरू नका. आत तीन ग्रेव्ह्या असतात : लाल, पांढरी आणि हिरवी. त्यांच्यात पनीर, काजू, कोफ्ते किंवा मिक्स भाज्या पडल्या की बारसं होतं. त्यामुळे ‘यात आणि त्यात फरक काय?’ असं कॅप्टनला विचारू नये. तो ‘वो थोडा स्पायसी, ये थोडा स्वीट’ म्हणेल, आणि तुम्ही ज्यावर बोट ठेवाल ते ‘आज नहीं है’ निघेल.

खरा पेच पुढे आहे. कॅप्टन एकदाच येतो. म्हणून सगळं एका दमात सांगावं असं अनुभवी मंडळी म्हणतात. पण सगळं एका दमात सांगितलं की ते त्याच्या पॅडावरून एकाच केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या चिठ्ठीवर, जातं आणि आतमध्ये तीन ठिकाणी फुटतं. सूप आणि नूडल्स चायनीजवाल्याकडे, भाजी ग्रेव्हीवाल्याकडे, रोट्या भट्टीवर. या तिघांची आपसात गाठ पडत नाही. भट्टीवाला मोकळा असला तर रोट्या सुपाच्या आधी येतात आणि भाजी येईपर्यंत त्यांचे चपलेचे तळवे होतात. चायनीजवाल्याकडे गर्दी असली तर मंचाव सूप तुम्ही हात धुऊन बसल्यावर येतं. ‘रोट्या जरा थांबून आणा’ असं कॅप्टनला निक्षून सांगता येतं. तो मानही डोलावतो. पण केओटीवर ‘जरा थांबून’ नावाचा पदार्थ नसतो.

एका रविवारी आम्ही पाच जण टेबल नंबर नऊवर होतो : आई, आमची ही, मुलगी, पुतण्या आणि मी. आईसाठी आणि हिच्यासाठी टोमॅटो सूप वन बाय टू मागवलं. दोन वाट्या आल्या, चमचा एक आला. दुसरा चमचा मागितला. सोबत कांदा-लिंबूही सांगितलं.

‘दो मिनट, सर.’

या कालमापनाबद्दल दोन शब्द. ‘दो मिनट’ हे वेळेचं माप नव्हे. तो निरोपाचा नमस्कार आहे. एकदा ‘दो मिनट’ म्हटलं की त्या माणसाची आणि तुमची त्या विषयावरची भेट संपली. नवख्याने घड्याळ बघू नये. चमचा दुसऱ्या माणसाकडे, नव्याने, जणू पहिल्यांदाच मागतो आहोत अशा ताज्या आवाजात मागावा. आम्ही चौघांना मागितला. आईने हिचं पिऊन होईपर्यंत वाट पाहिली, मग तोच चमचा पुसून घेतला. सुपावर तोवर साय धरली होती.

इतिहास (ऐच्छिक)

आमच्या वडिलांच्या वेळी हे असं नव्हतं, असं म्हणायची पद्धत आहे, मीही म्हणतो. उडपी हॉटेलातला वेटर एका हातावर चार बशा रचून यायचा, कागद-पेन्सिल न वापरता सहा जणांची ऑर्डर लक्षात ठेवायचा, आणि आपण उठून गल्ल्याकडे निघालो की मागून आरोळी ठोकायचा, ‘तीन आदमी, अठरा रुपया!’ बिल आपल्या आधी गल्ल्यावर पोचलेलं असायचं. माटुंगा स्टेशनाजवळ रामा नायकांचं उडपी १९४२ पासून चालू आहे. तिथे रांगेत ताटकळावं लागतं हे खरं, पण एकदा केळीचं पान पुढ्यात आलं की मागावं लागत नाही, नको म्हणावं लागतं. इराण्याकडचा गल्ल्यावरचा शेठ तर गिऱ्हाइकावर डाफरायचा. इथे भांडू नका, केस विंचरू नका, फुकट बसू नका, अशा सूचनांनी भिंती भरलेल्या असत. निस्सीम इझिकेल यांनी त्या सूचनांचीच इंग्रजीत कविता करून टाकली. पण काय हो, ज्याला ‘केस विंचरू नका’ म्हणून बजावलं जातं, त्याला केस आहेत आणि तो इथे बसलाय, हे कोणीतरी पाहिलेलं असतं. डाफरणं हीही दखलच.

निरीक्षण

भाजी येईपर्यंत वेळ होता, म्हणून मी चमच्याचा माग काढला. वॉश बेसिनकडे जाण्याचं निमित्त करून गल्ल्यापाशी थांबलो. नवख्यांनीही हे एकदा करावं. सगळा अभ्यासक्रम तिथे उलगडतो.

गल्ल्याच्या बाजूला पूर्वी पानाचं काउंटर होतं. आता तिथे पॅकिंग चालतं. पोटापर्यंत उंच पिशव्यांची चळत, प्रत्येकीवर पावती टाचलेली. समोर पाच-सहा डिलिव्हरीवाली पोरं हेल्मेट न काढता उभी, प्रत्येकाचा मोबाइल शेठच्या नाकासमोर. यंत्रातून पावती बाहेर आली की ‘टिंग’ वाजे, आणि टिंग वाजलं की शेठ ओरडे, ‘चलो चलो, आठ मिनट हो गया!’ तिथे आठ मिनिटं म्हणजे खरोखरच आठ मिनिटं होती. आणि पॅकिंगला कोण? आमचा पाणीवाला पोरगा, ज्याला आम्ही दोनदा चमचा मागितला तो वेटर, आणि खुद्द कॅप्टन. ओडिशाचा बाळ चिरलेल्या कांद्याची एकेक मूठ इवल्याशा पिशवीत भरत होता, वर लिंबाची फोड ठेवून गाठ मारत होता. वेटर प्रत्येक पिशवीत दोन लाकडी चमचे टाकत होता. प्लॅस्टिकचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाले, म्हणून लाकडी. एक पिशवी, दोन चमचे. एक पिशवी, दोन चमचे. न मागता. मोजून.

मी गप्प उभा राहिलो. त्या हॉलमध्ये अठरा टेबलं होती आणि त्यांच्यासाठी, कॅप्टन धरून, चार माणसं. त्यातली तीन इथे. घरी सोफ्यावर पाय वर करून बसलेला जो कोणी होता, त्याला पदार्थ उशिरा गेला तर तो अंगठ्याने एक तारा देणार होता, आणि शेठचं काळीज त्या ताऱ्याला टांगलेलं होतं. मी अंग घासून त्याच्या शेजारी उभा होतो. माझ्याकडे अंगठा होता, पण तारा नव्हता.

प्रात्यक्षिक

हा शोध मी टेबलावर येऊन सांगितला. पुतण्या इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने काही न बोलता मेनूकार्डाच्या मागे छापलेला नंबर लावला. हॉलच्या त्या टोकाला फोन वाजलेला आम्हाला ऐकू आला. दुसऱ्या रिंगला उचलला.

‘बोला सर, नमस्कार!’ एवढं गोड मराठी त्या शेठला येतं हे आम्हाला त्या रात्री कळलं.

‘एक दाल खिचडी.’

‘देतो सर. पत्ता?’

‘टेबल नंबर नऊ.’

शेठने मान वर केली. माशांची टाकी ओलांडून, दोन वाढदिवस ओलांडून त्याची नजर सरळ आमच्यावर आली. पुतण्याने हात हलवला. शेठने, हे कबूल केलं पाहिजे, फोन न ठेवता विचारलं, ‘सोबत पापड देऊ का?’

खिचडी नऊ मिनिटांत आली. तूप सुटलेली, वाफाळती, वर तळलेल्या लाल मिरचीसकट. चमचा नव्हता. फोनवर सांगायचा राहिला.

बिल

बिल मागितल्याने येत नाही. हवेत सही केल्याची खूण करा, पाकीट काढून टेबलावर ठेवा, काही होत नाही. खात्रीचा उपाय एकच : सगळ्यांनी एकदम उठायचं आणि शांतपणे दाराकडे चालू लागायचं. रात्रभरात ज्यांचे चेहरे दिसले नाहीत असे चारही जण पाच पावलांच्या आत समोर येतात. माझ्या माहितीत या सेवेला कधीही उशीर झालेला नाही.

बिल बसून वाचावं. न आलेले पदार्थ त्यात आलेले असतात; आमच्या बिलात दोन मसाला पापड होते, जे बहुधा शेजारच्यांनी खाल्ले. खाली जीएसटी पाच टक्के, अडीच-अडीचच्या दोन ओळींत. नोव्हेंबर २०१७ पासून एसी असो वा पंखा, कर तेवढाच आहे. एसी हॉलचं मेनूकार्ड महाग असतं ती शेठची स्वतःची कल्पना. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर मात्र काढून टाकायला सांगा. ती आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावलं, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा फोन नंबर आहे. पण आपल्या फॅमिली रेस्टॉरंटात ही ओळ सहसा नसते. न दिलेल्या सेवेचे पैसे न लावण्याइतकी सचोटी तिथे अजून शिल्लक आहे.

टिपेविषयी घरात वाद होतो. ‘कशाबद्दल?’ असं आमची ही विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. तरी द्यावी, आणि बिलाच्या पाकिटात न ठेवता पोराच्या हातात द्यावी. हॉलमध्ये माणसं कमी ठेवायची हे त्याने ठरवलेलं नाही. रात्री बारा वाजता अठरा टेबलं पुसून, शटर अर्धं ओढून, तो त्याच हॉलमध्ये दोन टेबलांमधल्या फरशीवर अंथरूण टाकणार असतो. आईने त्याला पन्नास रुपये दिले आणि ‘जेवून घे’ म्हणाली. त्याने पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, तेवढ्यात टिंग वाजलं.

उरलेला जिरा राइस आणि खिचडी आम्ही बांधून द्यायला सांगितली. पॅकिंग काउंटरवर दिल्यामुळे तीन मिनिटांत पिशवी हातात आली, गाठ मारलेली, वर पावती टाचलेली.

घरी येऊन ओट्यावर पिशवी सोडली. डबे दोन. कांद्याची पुडी, लिंबाच्या दोन फोडी, लोणच्याचं पाकीट, चार पेपर नॅपकिन, आणि लाकडी चमचे दोन.

आईने ते दोन्ही चमचे एका नॅपकिनमध्ये नीट गुंडाळले आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाशेजारी ठेवले. ‘पुढच्या रविवारी लागतील,’ ती म्हणाली.